सांगलीचा आवाज येत नाही

आमचे सांगलीचे मामा मोबाइलवर एकच वाक्य बोलतात: ‘घरी गेल्यावर बोलतो.’ खरं बोलणं रिसीव्हर कानाला लावून, खुर्चीत ऐसपैस बसून. सांगलीचा एसटीडी कोड ०२३३ आणि आमच्या साताऱ्याचा ०२१६२, यातच काय ते आलं असं त्यांचं मत. मोठ्या गावाचा कोड आखूड असतो. पुण्याच्या ०२० चा विषय आम्ही काढत नाही.

तांब्याची तार जाऊन फायबर आलं, तेव्हा मामांनी जुना फोन टाकून द्यायला साफ नकार दिला. म्हणून मावसभावानं दोन्ही घरी एकेक डबी बसवली. डबीची एक वायर राउटरला, दुसरी फोनला. सातारा-सांगली बोलणं इंटरनेटवरून. रिंग झकास वाजली, मामांनी उचलला आणि माझ्या कानात शुकशुकाट. मामांना मात्र माझा शब्द न् शब्द जात होता.

नेमके त्याच वेळी ते आईच्या हक्कसोडपत्रावर सही कधी होणार, हे विचारत होते. त्यावर माझं उत्तर: ‘हॅलो? हॅलो? काहीच ऐकू येत नाही.’ आणि अर्ध्या मिनिटात फोन कट. सांगलीत निष्कर्ष निघाला, जमिनीचं नाव काढलं की साताऱ्याला ऐकू येत नाही, वर फोन आपटतात!

झालं होतं ते असं. घरातल्या वापरासाठी काही आयपी पत्ते १९९० च्या दशकात राखून ठेवले गेले. १९२.१६८ ने सुरू होणारे त्यातलेच, आणि ते घरोघरी तेच असतात. माझ्या डबीनं सांगलीला कळवलं, ‘आवाज १९२.१६८.१.५ ला पाठवा.’ मामांच्या डबीनं तो पत्ता इमानदारीत स्वतःच्याच घरात शोधला.

मामी म्हणाल्या, ‘म्हणजे ह्यांचा आवाज घरातच फिरत होता? मग त्यात नवीन काय?’

हे पत्ते दुरुस्त करायला राउटरमध्ये ‘सिप एएलजी’ नावाची सोय असते. ती म्हणजे लग्नघरातला हौशी काका. कुणी सांगितलेलं नसताना आहेराच्या चिठ्ठ्या बदलतो. साताऱ्याच्या राउटरनं काहीच दुरुस्त केलं नव्हतं, सांगलीच्यानं अर्धंच. त्यामुळं फोन उचलल्याची पोच मामांच्या डबीपर्यंत पोचेना. अशी डबी ३२ सेकंद वाट बघते आणि स्वतःच फोन ठेवते. फोन सांगलीनंच आपटला होता, पण हे मामांना सांगणार कोण?

जाणकारांचा उपाय एकच: एएलजी बंद करा आणि डबीत ‘स्टन’ चालू करा, म्हणजे ती बाहेरच्या सर्व्हरला आपला खरा पत्ता विचारून घेते. माझ्याकडचं उरकून मी मोबाइलवरून मामांना म्हटलं, ‘कॉम्प्युटरवर १९२.१६८.१.१ टाका.’

बराच वेळ शांतता. मग, ‘हा नंबर लागत नाही रे.’

मामांनी रिसीव्हर उचलून तो नंबर फिरवला होता. वर ‘आधी शून्य लावायचा का?’ हेही विचारलं. शेवटी कॉम्प्युटरसमोर मामी बसल्या. पासवर्ड ‘अ‍ॅडमिन’च होता, तो बदलायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. मामींनी एएलजीची खूण काढली, डबीत स्टनची केली, राउटर बंद करून चालू केला आणि भाजी परतायला निघून गेल्या.

मामांची एक तक्रार उरली, आणि ती रास्त आहे. तांब्याच्या तारेवर एक्स्चेंजच्या बॅटरीतून ४८ व्होल्ट यायचे, गावाची लाइट गेली तरी फोन जिवंत. आता घरातली लाइट गेली की राउटर झोपतो आणि मामा मुके. त्यांनी इन्व्हर्टरवरून टीव्ही काढून राउटर लावला, यावरून त्यांच्या घरी जे झालं ते मामींनी मला मोबाइलवर सांगितलं.

आता सांगली अगदी शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखी ऐकू येते. परवा मामांनी सुरुवातच केली, ‘आता येतंय ना नीट ऐकू? मग सांग, आक्का सही कधी करणार?’

आई समोरच मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘ती खूण पुन्हा कुठं करायची असते रे?’