सगळ्या वाटांची गाडी

दिल्लीतल्या पहाडगंजच्या मेन बाजारात मनालीच्या सहली विकणाऱ्या एका दुकानात जाडजूड टायरांच्या एटीव्हीचं, म्हणजे ‘ऑल टेरेन व्हेइकल’चं, चित्र लावलेलं. मालक तळमळीनं सांगत होते: हेल्मेट घाला, एकाच्या सीटवर दोघं बसू नका, डांबरी रस्त्यावर नेऊ नका, त्या टायरांचा तो प्रांत नव्हे. मी मान डोलावली आणि बृहन्महाराष्ट्र भवनाकडे जायला ई-रिक्षात बसलो.

ई-रिक्षाचा नियम असा: प्रवासी 4, सामान 40 किलो, वेग ताशी 25 किलोमीटर. आम्ही सहा जण आत, सातवा लोंबकळत. वेगमर्यादा मात्र काटेकोर पाळली गेली, कारण पुढे गाय बसली होती. मग उघडं गटार, वाळूचा ढीग, छोले-भटुऱ्यांसमोरची रांग, उलट्या दिशेनं येणारी हातगाडी. पुढचं चाक खड्ड्यात गेलं तेव्हा शेजारच्या काकूंनी माझ्या मांडीवर ठेवलेली स्वतःची पिशवी घट्ट धरली. पिशवीच, मला नव्हे.

“भैया, हेल्मेट?” मी विचारलं.

मागे वळून, गाडी चालूच ठेवत तो म्हणाला, “साहब, ये कोई खतरनाक गाड़ी थोड़े ही है!”