कोणते पाटील?

सुरतच्या लिंबायतमध्ये ‘ओ पाटील!’ अशी हाक मारा, टपरीवरचे निम्मे लोक मान वळवतात. खानदेशातून लूमवर कामाला आलेल्यांची ही वस्ती. आमदार पाटील, खासदारही पाटीलच. आमचे सॉफ्टवेअरवाले पाटीलभाऊ मात्र ढिम्म. ‘नेमस्पेस लावून बोला. नुसतं नाव म्हणजे भानगड.’

पोरगा सांगतो, ‘नानांचा फोन आला होता.’

‘कुठले नाना? पारोळ्याचे की उधन्याचे? इम्पोर्ट कुठून केलास?’

हाताखालच्या पोराने पायथॉनमध्ये ‘इम्पोर्ट स्टार’ लिहून मॉड्यूलमधली नावं सरसकट आणली की भाऊंचा चहा निवतो. दोन मॉड्यूलमध्ये एकाच नावाचं फंक्शन असेल तर नंतर आलेलं आधीच्याची जागा बळकावतं आणि पायथॉन हूं की चूं करत नाही. त्यापेक्षा सी प्लस प्लस त्यांना खानदानी वाटतं. जीसीसी कंपायलर फंक्शनच्या नावात आतल्या आत नेमस्पेस, अक्षरांची संख्या, आर्ग्युमेंटचे प्रकार असं सगळं ठोकून देतो; लिंकरचा घोळ होत नाही. बँकेच्या खिडकीवर भाऊ स्वतःचं नाव याच थाटात सांगतात. मागची रांग काय म्हणते ते छापण्यासारखं नाही.

परवा त्यांनी बहिणीच्या जुन्याच नंबरावर फोन लावला. वहिनी हसल्या, तर भाऊ सुरू: ‘हे पायथॉनचं बाइंडिंग. ‘फ्रॉम’ने आणलेलं नाव त्या घटकेच्या वस्तूला बांधलं जातं. तिकडे नंतर ते नाव दुसऱ्याला दिलं तरी इकडे जुनंच. जावास्क्रिप्टच्या मॉड्यूलमध्ये, 2015 च्या मानकापासून, बाइंडिंग जिवंत असतं. तिकडे बदललं की इकडे दिसतं, पण इकडून बदलता येत नाही.’

‘म्हणजे सासूबाईंचा कारभार,’ वहिनी म्हणाल्या.

चंदनी पडव्याच्या सणाला भाऊंनी घारी ही मिठाई आणली आणि आपल्या वाटणीच्या डब्यावर ‘अंडरस्कोर घारी’ अशी चिठ्ठी चिकटवली. अंडरस्कोरने सुरू होणारी नावं ‘इम्पोर्ट स्टार’ आपण होऊन आणत नाही, हे घरच्या पोराला त्यांनीच शिकवलेलं. पण नाव घेऊन मागितलं तर पायथॉन देऊन टाकतो, हेही त्यांनीच शिकवलेलं. पोराने नाव घेऊन आजीकडे मागितलं. अंडरस्कोर ही विनंती असते, कुलूप नसतं. घारी संपली.