ओसाकाचे वाघ आणि म्हाताऱ्याचा शाप

"वहिनी, कपडे वाळत घालून झाले असतील तर या जरा इकडे. हानशिन टायगर्सच्या शापाची भानगड सांगते."

"ओसाकाकडची ती रेल्वेवाल्यांची बेसबॉल टीम?"

"तीच. कोशिएनचं मैदान १९२४चं, टीम १९३५ची. गाडी कंपनीची, मैदान कंपनीचं. पण ऑगस्टात तिथे शाळकरी पोरांची स्पर्धा, की हे वाघ घराबाहेर!"

"आणि तो शाप?"

"सांगते ना. १९८५ला लीग जिंकली. दोतोनबोरीच्या पुलावर ही झुंबड! एकेका खेळाडूचं नाव पुकारायचं, त्याच्यासारखा दिसणाऱ्याने कालव्यात उडी घ्यायची. आली रँडी बासची पाळी. दाढीवाला अमेरिकन! तसा माणूस गर्दीत कुठला? जवळच केएफसीच्या दारात कर्नल सँडर्सचा पुतळा. दिला ढकलून!"

"अगं बाई! म्हाताऱ्याने काय घोडं मारलं होतं?"

"त्यानंतर लगेच जपान सिरीज, म्हणजे अंतिम मालिकाही जिंकले, म्हणजे शाप जरा सावकाशच लागला. पुढे मात्र रडगाणं, आणि लोक म्हणाले, त्या पुतळ्याचाच शाप. २००३, २००५, २०१४, तीनदा अंतिम मालिका हरले. २००५ला तर चार सामने मिळून ३३ विरुद्ध ४!"

"पुतळा काढायचा ना मग वर."

"सापडला की २००९ला! चष्मा नि डावा हात सोडून. तरी पुढे चौदा वर्षं वनवासच."

"म्हणजे शाप म्हाताऱ्याचा नव्हताच!"

"मलाही तेच वाटतं. बासचा मुलगा फार आजारी पडला, म्हणून तो अमेरिकेला गेला. क्लबने १९८८ला त्याला काढूनच टाकलं. ज्याच्या जिवावर नाचलात, त्याच्याशी असं वागायचं? तळतळाट लागणारच."

"मग सुटला कसा?"

"ऐका तर. २०२३च्या जानेवारीत बासची जपानच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली. आणि नोव्हेंबरात टायगर्सनी शेजारच्याच ओरिक्स टीमला ४-३ हरवून जपान सिरीज मारली! मॅनेजर कोण? ओकादा. १९८५ला बासबरोबर खेळलेला."

"योगायोग हो."

"असेल. पण पुतळ्यापेक्षा बरा हिशेब लागतो की नाही? पुतळ्याला तर २०२४ला केएफसीवाल्यांनी मीठ नि साके वाहून रीतसर निरोप दिला."

"बिचारा! फुकट बदनाम झाला इतकी वर्षं."