निष्कलंकरावांस अनावृत पत्र

विषय: कनेक्टिंग रॉड ‘तुटका’ निघाल्याबाबत
संदर्भ: आपण बहाल केलेला एक तारा

मा. निष्कलंकराव,

घरबसल्या मागवलेला, इंजिनात पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड आपण खोक्यातून काढलात, बोल्ट सोडवून त्याची कॅप वेगळी केलीत, सांध्याची खडबडीत, दाणेदार कड पाहिलीत आणि तीन कोनांतून फोटो काढून ‘तुटका माल’ असा शेरा मारलात. आपली नजर अचूक आहे. तो रॉड तुटकाच आहे. कारखान्यात तो आधी अखंड घडवतात, मोठ्या टोकाच्या (बिग एंडच्या) गोलात आतून बारीक खाच पाडतात आणि आतून जोर लावून कॅप मुद्दाम तोडतात. तुटलेल्या दोन कडांचे उंचवटे आणि खळगे एकमेकांत असे बसतात की कॅप दर वेळी नेमकी आपल्याच जागी येते. म्हणूनच एका रॉडची कॅप दुसऱ्याला चालत नाही. आजच्या कितीतरी गाड्यांत असे तोडलेले रॉड धावत आहेत, आणि त्यांच्या मालकांना या अपमानाची कल्पनाही नाही.

आपली तपासणी सुसंगत आहे, हे मान्य. मोबाइलच्या काचेला जो नियम, तोच इंजिनाला. अडचण एवढीच की काच बघण्यासाठी असते आणि इंजिनाचा भाग झाकणाखाली, तेलात, कुणाच्या नजरेस न पडता राबण्यासाठी. त्यावरची खूण दोष आहे की नाही, हे ती किती डोळ्यांत भरते यावरून ठरत नाही. ती ज्या जागी आहे त्या जागेला काम काय, यावरून ठरते. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेघांची जाळी दिसते. हे ओरखडे होनिंगच्या दगडांनी हौसेने काढलेले असतात. त्यांत तेल धरून राहते आणि नव्या रिंगा नीट बसतात. भिंत आरशासारखी झाली की इंजिन तेल खाऊ लागते. क्रँकशाफ्टच्या वजनांना पाडलेली भोके म्हणजे बॅलन्सिंग. नव्या कॅमशाफ्टचा काळपटपणा बहुधा फॉस्फेटच्या थराचा असतो. पिस्टनला कॅलिपर लावून ‘गोल नाही’ म्हणणाऱ्यांनी तर माप बरोबरच घेतलेले असते: थंड पिस्टन किंचित लंबगोल असतो आणि माथ्याकडे निमुळता, कारण तापल्यावर तो सगळीकडे सारखा फुगत नाही. राहता राहिला बिडाचा ब्लॉक. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत वाळूचे साचे कसे भरतात हे पाहिलेल्या माणसाला त्याच्या अंगावरचा वाळूचा खरखरीत ठसा आणि साच्याचे दोन भाग जुळल्याची उंच रेघ वाचता येते. बिडाच्या तव्याची पाठही अशीच खरखरीत लागते. तवा कुणी त्यासाठी परत पाठवल्याचे ऐकिवात नाही.

सगळेच ओरखडे माफ, असे मात्र नाही. गंमत अशी की जे खरोखर अक्षम्य, ते आपल्या फोटोंत सहसा नसते. सिलिंडर हेडची बाहेरची बाजू कितीही डागाळलेली असो. पण गॅस्केट बसते त्या तोंडावर ज्वलनकक्षापासून पाण्याच्या वाटेपर्यंत गेलेली, नख अडकेल अशी एक रेघ त्या हेडला भंगारात किंवा निदान फेसिंगला पाठवायला पुरेशी आहे. तीच रेघ चार बोटे पलीकडे, बाहेरच्या अंगाला असती तर तिला काही किंमत नव्हती. ऑइल सीलची कड जिथे घासते तिथला क्रँकशाफ्टचा इंचभर पट्टा असाच सोवळ्यातला. बेअरिंगचेही तसेच: त्याचा वरचा मऊ थर अनेकदा शतांश-दोन शतांश मिलीमीटरचा, आणि तेलासाठी ठेवलेली फट साधारण 0.02 ते 0.06 मिलीमीटरची, म्हणजे केसाच्या जाडीहूनही बहुधा कमीच. हेड वाकले आहे का, हे तर डोळ्यांना कळतच नाही. सरळ पट्टी आणि फीलर गेज लागते. त्यांचा फोटो फारसा आकर्षक येत नाही, हे खरे.

आपण म्हणाल, पैसे नव्या वस्तूचे मोजलेत, आणि कायदाही उणिवेलाच दोष म्हणतो. म्हणतो खरा, पण ग्राहक संरक्षण कायदा, 2019 ती उणीव हवेत मोजत नाही. कायद्याने, कराराने किंवा विक्रेत्याच्या दाव्याने जो दर्जा ठरला, त्याच्या तुलनेत मोजतो. बॉनेट उघडल्यावर मिरवायचे पॉलिश केलेले व्हॉल्व्ह कव्हर ओरखडलेले आले, तर अवश्य परत करा. ‘नवा’ म्हणून विकलेल्या क्रँकशाफ्टवर आधी फिरल्याच्या खुणा असतील तर तो डाग नव्हे, थाप आहे, आणि 2020 चे ई-कॉमर्स नियम सदोष किंवा बनावट माल परत घेण्यास नकार देण्याची मुभा विक्रेत्याला देत नाहीत. पण रॉडच्या अंगाला चकाकी येईल, असे वचन कुणी दिले होते?

याहून वजनदार आक्षेप वेगळा आहे: आजची बारीक खोच उद्याची चीर होते. अगदी बरोबर. मिनिटाला 3000 फेरे म्हणजे सेकंदाला 50. दर फेऱ्याला रॉड ताणला जातो आणि दाबला जातो. त्याच्या दांड्यावर किंवा क्रँकच्या जर्नलच्या कोपऱ्यातल्या गोलाईत टोकदार खोच असेल तर ती गंभीरच. पण म्हणजे पुन्हा प्रश्न जागेचाच झाला. शिवाय चीर पडू नये म्हणून अनेक रॉडवर बारीक छर्‍यांचा मारा करतात. त्याने पृष्ठभाग दाबाखाली राहतो आणि दिसायला मंद, ठिपक्याठिपक्यांचा होतो. म्हणजे ज्या उपायाने रॉड टिकायचा, त्याचेच गुण आपण कापणार. आणि खरी चीर अनेकदा डोळ्याला दिसतही नाही. ती चुंबकीय भुकटीने किंवा रंगद्रवाने शोधावी लागते.

‘फिनिश चांगले तर कारखाना काळजीवाला’ हे अर्धसत्य आहे. तेलाच्या भोकात धातूचा कीस राहिला असेल तर संशय घ्या. पण चकाकी ही नकली मालावरची सर्वांत स्वस्त गोष्ट. धातूची जात, उष्णोपचार, कठीणपणा महाग, आणि नेमके तेच फोटोत येत नाही. कल्हई केली म्हणून पितळेची चांदी होत नाही. वरून कीर्तन, आतून तमाशा हा प्रकार पार्ट नंबर, पक्के बिल आणि मायक्रोमीटर यांच्यापुढे उघडा पडतो. नुसत्या बघण्यापुढे तो उलट खुलतो.

परत केलेल्या रॉडवर आपल्या घामट बोटांचे ठसे राहतील, हे जाता जाता सांगतो. ते पुढच्या निष्कलंकरावांना दिसतीलच, आणि तारा तयार असेल.

आपला,
एक डागाळलेला वाचक

ता. क. ‘तुटकी’ कड सारखी करावी म्हणून तिच्यावर कानस फिरवली असेल, तर रॉड परत पाठवू नका. तो आता खरोखरच खराब झाला आहे.