किलोमीटरला पाच रुपये

मोहीमसरांचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटावर आहे. बाहेर त्याची कुणाला गरज पडत नाही. पन्नाशी उलटलेला, पोट पुढे आलेला, विज्ञान शिकवणारा हा माणूस बीडच्या बाजारपेठेतून काखेत पावती पुस्तक घेऊन निघाला, की दुकानदारांना एकदम मागच्या खोलीतला माल मोजायची आठवण होते.

वर्गणी बीडला नवीन नाही. गणपती, जयंती, सप्ताह यांचे दर ठरलेले आहेत आणि नाही म्हटलं तर काय होतं तेही ठरलेलं आहे. मोहीमसरांची तऱ्हा वेगळी. ते पैसे मागतात आणि बदल्यात पळतात. तुम्ही किलोमीटरला पाच रुपये लावायचे, सर बीडपासून नायगावच्या मयूर अभयारण्यापर्यंत पळणार, आणि पैसे जाणार मुलांना वन्यप्राण्यांविषयी शिकवायला. पहिल्या वर्षी ही योजना समजावून सांगण्यात सरांचा जेवढा दम गेला, तेवढा पळण्यात गेला नाही. "तुम्ही पळणार, मग पैसे आम्ही का द्यायचे?" या प्रश्नाला तर अजूनही धड उत्तर नाही. एका किराणा दुकानदाराने चढाचे पाच आणि उताराचे अडीच, असा भाव पाडून घेतला. सरांनी तो मान्य केला आणि पावतीवर तसं लिहूनही दिलं. दुसरा म्हणाला, "सर, पळू नका, आहे तेवढे घेऊन जा." ही दया होती की सुटका करून घेणं, हे सरांनी विचारलं नाही. पैसे घेतले आणि पळायचे ते पळालेच.

हे वेड आलं लंडनहून. तिथल्या मॅरेथॉनमध्ये 1992 पासून काही माणसं गेंड्याचा अवजड पोशाख चढवून पळतात आणि गेंडे वाचवण्यासाठी पैसे जमवतात, असं सरांनी कुठेतरी वाचलं. झालं! बीड जिल्ह्यात गेंडा नाही, पण मोर आहेत. त्यांच्यासाठी 1994 साली पाटोदा तालुक्यात अभयारण्य झालेलं आहे. सरांनी शिंप्याला मोराचं माप दिलं. शिंप्याने आयुष्यभर पुढाऱ्यांची जाकिटं शिवलेली. त्याने मोरालाही आतून खिसा ठेवला, त्यात पावती पुस्तक बरोबर बसतं.

पिसांवरून मात्र भानगड झाली. वनखात्याच्या एका कर्मचाऱ्याने भर रस्त्यात मोराला अडवलं. "पिसं कुठून आणली?" या प्रश्नाची सर वर्षभर वाटच पाहत होते. मोर 1963 पासून राष्ट्रीय पक्षी, 1972 च्या कायद्याने त्याला पूर्ण संरक्षण, पण पावसाळा सरता सरता आपोआप गळणाऱ्या पिसाऱ्याला देशात मुभा, हे सगळं त्यांनी चोच वर करून सांगितलं. मग एकेक पीस उलटं करून देठ दाखवले. उपटलेल्या पिसाच्या देठाला रक्ताचा डाग सापडतो, गळालेल्याचा देठ स्वच्छ असतो. अर्ध्या तासाने तो बिचारा पन्नासाची पावती फाडून सुटला. त्याची ड्यूटी कधीच संपली होती.

सरांची पळण्याची तारीख दिवाळीच्या आसपास असते. हवा गार असते म्हणून नव्हे. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या असतात म्हणून. बीडमधून लाखोंनी माणसं ऊस तोडायला पश्चिमेकडे आणि कर्नाटकात जातात. ट्रक-ट्रॅक्टरवर भांडीकुंडी, शेळ्या, कोयते आणि वर पोरं. उसाच्या फडाच्या कडेला राहायला कोप्या पडतात आणि त्याच उसात बिबट्याची मादी व्यालेली असते. सरांना जो धडा शिकवायचा आहे, तो या पोरांना. अंधार पडल्यावर एकटं बाहेर बसायचं नाही. चालताना मोठ्याने बोलायचं, मोबाइलवर गाणी लावायची. उसात पिल्लं सापडली तर उचलायची नाहीत. वनखात्याला कळवायचं, पिल्लं तिथेच ठेवली तर आई रात्री येऊन नेते. साप चावला तर मांत्रिक नाही, दवाखाना. शिकवायला सर चित्रांचे मोठे तक्ते छापतात. पैसे लागतात ते त्यासाठी, आणि टोळ्या जिथे उतरतात तिथपर्यंतच्या एसटीच्या तिकिटासाठी.

सरांची योजना एका दमात कळली ती ऊसतोडीच्या एका मुकादमाला. सगळे त्यांना बप्पा म्हणतात. बप्पांनी पान लावत लावत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी आधी पैसे घ्यायचे अन् मग अंगमेहनतीनं फेडायचे. सर, ही तर उचल झाली!" सर गप्प झाले. वर्गात हे फार कमी वेळा घडतं. बप्पांनी पाचशे दिले आणि बजावलं, "फेडल्याबिगर गावाकडं यायचं नाई बगा."

विरोधही होतोच. 2020 च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसं मारली, त्या हिवाळ्यात सरांना कुणी चहाही पाजला नाही. "बिबट्यासाठी पैसे मागायलात? लाज वाटत नाही का?" सर म्हणायचे, "बिबट्यासाठी नाही, तुमच्या नातवासाठी." पुढच्याच वर्षी माजलगावच्या लऊळमध्ये वानरांनी कुत्र्याची पिल्लं उचलून झाडावर, गच्चीवर नेली आणि ‘वानरांचा सूड’ म्हणून बीडचं नाव जगभर गेलं. सरांना याचा फार त्रास झाला. सूड हा माणसांचा उद्योग आहे, वानरांच्या माथी मारू नका, असं ते भेटेल त्याला सांगत सुटले. लोकांना सूडच आवडला होता.

सत्काराचा प्रसंग सांगायलाच हवा. एका पुढाऱ्याने पाचशे एक रुपये दिले आणि त्याची बातमी व्हावी म्हणून त्याच्या कितीतरी पट खर्चाचा फ्लेक्स लावला. त्यात पुढारी सर्वांत मोठे, मग त्यांचे कार्यकर्ते, कोपऱ्यात सर आणि सरांच्या खाली बिबट्या. माईक हातात आल्यावर सर म्हणाले, "हा बिबट्या नाही, जग्वार आहे. जग्वारच्या कड्यांच्या आत ठिपके असतात, आपल्या बिबट्याच्या कड्या रिकाम्या. हा प्राणी दक्षिण अमेरिकेतला." पुढाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. सर चुकीच्या चित्राखाली आभार मानू शकत नाहीत, हा त्यांच्यातला मोठा दोष आहे. पुढच्या वर्षी ते पाचशे एक आले नाहीत.

तर असे हे सर मांजरसुंब्याचा घाट चढतात. पिसारा वाऱ्याने उलटा होतो, ट्रकवाले हॉर्न देतात, सीताफळवाल्या बाया हाका मारून फळं हातात कोंबतात आणि पैसे घेत नाहीत. खरं सांगायचं तर सर पळत नाहीत, पळण्याचा आव आणून चालतात. बीडकर पैसे देतात ते बिबट्याच्या प्रेमाने नव्हेच; पोट सुटलेला मोर घाटात धापा टाकताना पाहायला मिळतो, त्या तमाशाचे देतात. सरांना हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून डॉक्टरांनी सांगूनही ते पोट कमी करत नाहीत, असा त्यांच्या घरच्यांचा आरोप आहे. हिशेब मात्र शाळेच्या फाटकावरच्या फळ्यावर खडूने लिहिलेला असतो. सीताफळंसुद्धा जमेच्या बाजूला. पोशाखापुढे ‘स्वखर्च’.

यंदाचं पावती पुस्तक छापून आलंय. सर समोरून येताना दिसले तर गल्ली बदलू नका, पाच रुपये लावा. चढाचेच लावा.