फीत कापायची कुठे?

14 डिसेंबर 2025 ला मेस्सी मुंबईत येऊन गेला. कार्यक्रम वानखेडेवर, म्हणजे क्रिकेटच्या घरी. कारण फुटबॉलचं हक्काचं कूपरेज पाच हजार माणसांत भरून जातं. सचिनने त्याला आपली 10 नंबरची जर्सी दिली. मधेच सिनेनटांचे सत्कार उरकले, तेव्हा तिकीट काढून आलेल्यांनी मनसोक्त हुर्यो केली. राज्य सरकारच्या ‘प्रोजेक्ट महादेवा’त निवडलेल्या 13 वर्षांखालच्या मुलामुलींना देव याचि डोळा दिसला. सगळं यथासांग झालं. फक्त त्या दिवशी देशातली पहिल्या नंबरची फुटबॉल लीग बंद होती.

सुट्टी नव्हती. ठेका संपला होता.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने 2010 मध्ये आपले व्यापारी हक्क, लीग चालवण्याच्या हक्कासकट, एका कंपनीला 15 वर्षांसाठी 700 कोटींना देऊन टाकले. अलीकडे त्यातून वर्षाला 50 कोटी येत आणि महासंघाची चूल त्यावरच पेटे. करार 8 डिसेंबर 2025 ला संपणार, हे कॅलेंडर पाहता येणाऱ्या कुणालाही माहीत होतं. तरी नवी निविदा निघाली ऑक्टोबरात. किमान रक्कम वर्षाला साडेसदतीस कोटी. 7 नोव्हेंबरची मुदत संपली तेव्हा बोली लावणारे होते शून्य. तहसील कचेरीतल्या मोडक्या खुर्च्यांच्या लिलावालाही दोन माणसं येतात हो!

मग महासंघाला सरकार आठवलं. एरवी याच सरकारने कारभारात नाक खुपसलं तर फिफा घराबाहेर काढील, असा धाक आपल्याला घातला जातो. धाक खोटा नाही. सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या प्रशासक समितीवरून ऑगस्ट 2022 मध्ये फिफाने भारताला निलंबित केलंच होतं. पण जानेवारी 2026 मध्ये लीग 14 फेब्रुवारीला सुरू होणार आणि 14 क्लब खेळणार, हे खुद्द केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी जाहीर केलं. या खेपेला नाक कुणालाच दिसलं नाही. हिशेब मागितला की आम्ही स्वायत्त. तिजोरी रिकामी झाली की सरकार मायबाप.

बरं, हाती असलेला पैसा कुठे जातो? 2022 मध्ये बातमी आली की आशियाई चषकाच्या पात्रता फेरीआधी राष्ट्रीय संघासाठी एक ‘प्रेरक’ संस्था नेमली आणि तिला 16 लाख रुपये दिले. संस्था निघाली ज्योतिषाची. गुण आला म्हणायचा, कारण त्या फेरीतले तिन्ही सामने आपण जिंकलो. मुख्य स्पर्धा जानेवारी 2024 मध्ये कतारला झाली. तिथे तिन्ही हरलो आणि एकही गोल केला नाही. बहुधा ग्रहांचीही निविदा संपली असावी. पुढचं सांगायला ज्योतिषी नको: ऑक्टोबर 2025 मध्ये मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने हरवलं, नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशने, आणि फिफाच्या यादीत आपण 142 वर जाऊन बसलो.

सरकारकडे पैसा नाही, असं मात्र समजू नका. 2025-26 च्या अर्थसंकल्पात क्रीडा मंत्रालयाला 3794 कोटी होते. त्यातले 1000 कोटी खेलो इंडियाला. देशातल्या सगळ्या खेळांच्या सगळ्या महासंघांना मिळून 400 कोटी. आपलं राज्यही हात आखडत नाही. तालुका क्रीडा संकुलाच्या अनुदानाची मर्यादा 1 कोटीवरून 5 कोटींवर गेली, जिल्ह्याची 25 वर, विभागाची 50 वर. अडचण पैशाची नाही. सरकारी पैशाला फीत कापायला जागा लागते. इमारतीला दार असतं, तिथे फीत बांधता येते. गवताला पाणी मारण्याचं उद्घाटन कसं करणार? पंचाच्या प्रवासभत्त्याचं भूमिपूजन कुठे करणार?

एखादं तालुका संकुल जरा जवळून पाहा. कमान भक्कम. कोनशिलेवर पालकमंत्र्यांपासून उपअभियंत्यापर्यंत सगळी नावं. रखवालदाराचं नाही, कारण तो नेमलेलाच नसतो. आत पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवा, धावपट्टी. धावपट्टीच्या आत उरलेली जागा म्हणजे फुटबॉलचं मैदान. गोलपोस्ट आहे, जाळी नाही. जिथे पाणी साचतं तिथे हिरवळ, बाकी मुरूम. इनडोअर हॉलला कुलूप, आणि किल्ली ज्यांच्याकडे आहे ते मीटिंगला गेलेले. निवडणूक आली की मात्र हॉल चोवीस तास उघडा, दिवे चालू, पोलीस बंदोबस्त. मतमोजणी हा आपल्या क्रीडा संकुलांतला सर्वांत नियमित खेळ आहे.

या सगळ्याचा कळस छत्रपती संभाजीनगरला झाला. डिसेंबर 2024 मध्ये तिथल्या विभागीय क्रीडा संकुलाच्या खात्यातून 21 कोटी 59 लाख रुपये लंपास झाल्याचा गुन्हा नोंदला गेला. मुख्य आरोपी कंत्राटी संगणक चालक, पगार महिना 13 हजार. इंटरनेट बँकिंग सुरू करून घेतलं, म्हणे, आणि पैसा वळवत राहिला. आलिशान गाडी आली, फ्लॅट आला. कित्येक महिने वरच्या कुणाच्या लक्षात आलं नाही. चर्चा गाडीची झाली, फ्लॅटची झाली. मला खटकलं ते वेगळंच. 21 कोटी गेले आणि त्यापायी एखादा सराव बंद पडला, एखादी स्पर्धा रद्द झाली, एखाद्या पोराला बूट मिळाले नाहीत, असं ऐकिवात नाही. जो पैसा चोरीला गेल्यावर मैदानावर कुणाचं काही अडत नाही, तो चोरीच्या आधी तरी मैदानावर होता का?

15 सप्टेंबर 2017 ला राज्यात ‘मिशन वन मिलियन’ झालं होतं, आठवतंय? एका दिवसात 10 लाख मुलांनी फुटबॉल खेळायचा. शाळाशाळांत चेंडू वाटले, गुरुजींनी फोटो काढून पाठवले. 16 सप्टेंबरचं मिशन कुणी आखलं नव्हतं.

आणि इकडे कोल्हापूर. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, फुलेवाडी... पेठापेठांतल्या तालमींचे संघ वर्गणीवर आणि देणगीवर चालतात, परदेशी खेळाडूसुद्धा आणतात, आणि शाहू स्टेडियम भरतं. भांडणंही होतात, कधी दगडही उडतात. त्याचं कौतुक नको. पण त्यांचा हंगाम कुठल्या कंपनीच्या करारावर टांगलेला नाही. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव, रिक्षाचालकाचा मुलगा, 2017 चा 17 वर्षांखालचा विश्वचषक खेळला. तो घडला पुण्यात, राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत. म्हणजे सरकारी पैसा लागू पडतो. जेवण, वसतिगृहातली खाट आणि रोज सकाळी शिट्टी वाजवणारा प्रशिक्षक, यांवर खर्च झाला की लागू पडतो. महादेवातल्या 30 मुलांना आणि 30 मुलींना पाच वर्षांची शिष्यवृत्ती जाहीर झाली आहे. वानखेडेचे दिवे विझल्यावर पाचव्या वर्षीही ती वेळेवर जमा झाली, तर मी जाहीर टाळ्या वाजवीन.

तोवर वाचकहो, एक काम करा. माहितीच्या अधिकारात जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो, आणि आपल्या राज्यात मजकूर 150 शब्दांत बसवावा लागतो. इतके शब्द लागणारच नाहीत. आपल्या तालुक्याच्या संकुलात गेल्या वर्षी गवत, पाणी, गोलपोस्टची जाळी आणि प्रशिक्षकाचं मानधन यांवर किती खर्च झाला, एवढंच विचारा. उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं.