चहा फुकट, गालिचा मागाहून
मोरोक्कोतल्या मराकेशहून निघणारी वाळवंटी सहल ‘छोट्या गटाची’ असते. म्हणजे गाडीत जेवढ्या सीटा तेवढी माणसं. ॲटलास पर्वतातली २,२६० मीटर उंचीची तिझी-न-तिश्का खिंड ओलांडताना निम्मा गट झोपलेला असतो, उरलेला प्लास्टिकची पिशवी हाताशी धरून बसतो. पुढे ऐत बेनहद्दू. मातीच्या भिंतींचं हे गाव १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, पण गाइड वारसा दोन वाक्यांत उरकून ‘ग्लॅडिएटर’च्या शूटिंगवर येतो. तिनघीरच्या ओॲसिसात वर खजूर, मध्ये अंजीर-डाळिंब आणि खाली चारा-भाजीपाला अशी तीन मजली शेती पाटाच्या पाण्यावर पिकते. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. खरं बघण्यासारखं हेच, म्हणून इथे गाडी फोटोपुरती थांबते. गालिच्याच्या दुकानात मात्र घाई नाही. तिथे पुदिन्याचा चहा हात उंच धरून, फेस येईपर्यंत पेल्यात ओततात. चहा फुकट, आणि दुसऱ्या पेल्यापर्यंत पायाशी गालिच्यांची थप्पी उलगडलेली. मेरझूगाला उंटांची रांग सूर्यास्ताला वाळूच्या टेकडीवर पोचवतात. माहितीपत्रकातली नीरव शांतता ढोलवादन संपल्यावर मिळते. परतीचा दिवसभराचा प्रवास त्याच पत्रकात एका ओळीत आटोपतो.